‘बोनस’ : देणगी की देणे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला इतिहासाच्या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, अशी आपली समजूत असते. आणि आमचे आयुष्य तर कारखान्यांच्या दारांशी गेले. परंतु शब्दांनाही इतिहास असतो, आणि एखाद्या शब्दाच्या पोटात कित्येकदा एखाद्या लढाईइतकाच संग्राम दडलेला असतो, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आज एकच शब्द घेऊन आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. तो शब्द ‘बोनस’. दिवाळीच्या तोंडावर तो घरोघरी उच्चारला जातो. निरक्षर म्हातारीलाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तो मूळचा लॅटिन आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हालाही बरीच वर्षे ठाऊक नव्हती.

ती कशी ठाऊक झाली, तेवढे आधी सांगितले पाहिजे. एका लहान कारखान्यात आमची युनियन होती. तेथील काही कामगारांचे पगार कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेले होते; पण मालक दर दिवाळीला त्यांनाही एका महिन्याचा पगार देई. पैसे देताना एका छापील पावतीवर सही घेतली जाई. पावतीवर इतर मजकुरासोबत ‘एक्स ग्रेशिया’ असे दोन शब्द होते. कामगारांनी विचारले, “साहेब, हे काय लिहिलंय?” आम्ही म्हणालो, “काही नाही, हिशेबाची भाषा आहे. सह्या करा.” सात वर्षे सह्या झाल्या. आठव्या वर्षी पैसे मिळाले नाहीत. आम्ही हक्काची भाषा बोलू लागलो, तेव्हा व्यवस्थापकाने सातही वर्षांच्या पावत्या टेबलावर मांडल्या आणि शांतपणे सांगितले, “आम्ही कृपेने देत होतो, आणि तुमच्या माणसांनी ते सहीनिशी मान्य केले आहे.” त्या दिवशी आम्ही त्या टेबलावरून हात हलवीत परत आलो. आम्ही सातवीनंतर शाळा सोडलेली; लॅटिन ही काय चीज आहे, हे आम्ही त्या आठवड्यात नगरवाचनालयातील जाड कोश उघडून पाहिले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या दिवशी न देता आलेले उत्तर होय.

आता मूळ शब्दाकडे वळू. लॅटिन भाषेत ‘बोनस’ हे नाम नाही, विशेषण आहे. त्याचा अर्थ ‘चांगला’. मराठीत चांगला, चांगली, चांगले अशी तीन रूपे होतात, तशीच लॅटिनमध्ये बोनस, बोना, बोनुम अशी होतात. म्हणजे ‘बोनस’ हे पुल्लिंगी रूप. ‘चांगला माणूस’ असे म्हणावयाचे असेल तेव्हा ते योग्य. ‘चांगली वस्तू’ किंवा ‘हिताची गोष्ट’ म्हणावयाची तर नपुंसकलिंगी ‘बोनुम’ पाहिजे. इंग्रजांनी पैशाच्या रकमेला ‘बोनस’ म्हटले, ते व्याकरणाच्या दृष्टीने चूकच होते. त्या चुकीकडे आपण पुन्हा येऊ.

या शब्दाचे फार जुने रूप ‘दुएनोस’ असे होते. इसवी सन १८८० मध्ये रोम शहरात तीन लहान मडकी एकमेकांस जोडून केलेले एक पात्र सापडले. ते सध्या बर्लिनमध्ये आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचे ते मानतात, आणि त्यावर कोरलेला लेख हा लॅटिन भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. त्या लेखाच्या बऱ्याच भागाचा अर्थ विद्वानांना अजून निश्चित लावता आलेला नाही. पण त्यातील तीन शब्द बऱ्यापैकी स्पष्ट आहेत : ‘दुएनोस मेद फेकेद’, म्हणजे ‘दुएनोसने मला घडविले’. हे ‘दुएनोस’ त्या माणसाचे नाव असेल, किंवा ‘चांगल्या माणसाने मला घडविले’ असाही अर्थ असेल. दोन्ही मते आहेत. कसेही घेतले तरी आज आपण ज्याला बोनस म्हणतो, त्या शब्दाचे इतके जुने दर्शन आपणास कोठे होते? एका मडक्यावर, आणि तेही ते घडविणाऱ्या माणसाच्या संबंधात. आम्हाला हे वाचून फार समाधान वाटले, हे कबूल करतो.

‘दुएनोस’चा ‘बोनस’ झाला कसा, ही शंका आपणास येईल. हा बदल आपल्या घरातलाच आहे. संस्कृतातील ‘द्वादश’ मराठीत ‘बारा’ होतात, ‘द्वाविंशति’चे ‘बावीस’ होतात, आणि पाढा म्हणताना आपण ‘दोन एके दोन’ न म्हणता ‘बे एके बे’ म्हणतो. आरंभीच्या ‘द्व’चा ‘ब’ होण्याची ही खोड जशी आपल्या भाषेला, तशीच लॅटिनलाही होती. आणि लॅटिनचा हा शब्द आपल्या कोकणपट्टीला इंग्रजांच्याही आधी माहीत होता. पोर्तुगीज भाषा लॅटिनचीच लेक. ‘बोनस’चे तिच्यात ‘बॉम’ झाले. जुन्या गोव्यातील ‘बॉम जीझस’ हे प्रसिद्ध चर्च म्हणजे ‘चांगल्या येशू’चे चर्च होय.

असो. रोमन लोकांच्या राज्यात या साध्या ‘चांगला’ शब्दाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. सिसेरोच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, ‘बोनी’ म्हणजे ‘चांगले लोक’ हा शब्द राजकारणात एका पक्षाला लागू लागला. हे चांगले लोक कोण? जमीनजुमला असलेले, सेनेटच्या बाजूचे, जुनी घडी मोडू नये म्हणणारे. त्याच विशेषणाचे ‘बोना’ हे अनेकवचन कायद्यात ‘मालमत्ता’ या अर्थाने रूढ झाले. ज्याच्यापाशी ‘बोना’ तो ‘बोनस’. आपल्याकडेही ‘चांगल्या घरचा मुलगा’ म्हटले की आपण त्याच्या वागणुकीची चौकशी करीत नाही. घर कितीचे, हे आपणास बरोबर कळते. मडके घडविणाऱ्याजवळचा शब्द मडकी विकत घेणाऱ्याकडे गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पगारापलीकडे मिळणाऱ्या पैशाला रोमन लोक ‘बोनस’ म्हणत नसत. त्यांचा त्यासाठीचा शब्द होता ‘दोनातीवुम’. आपल्या ‘दान’ शब्दाचाच तो भाऊ. नवा सम्राट गादीवर आला की सैनिकांना दान वाटी. इसवी सन ४१ मध्ये क्लॉडियसने सम्राट होताना आपल्या रक्षकदलातील प्रत्येक सैनिकाला १५,००० सेस्टर्स कबूल केले, असे रोमन चरित्रकार सुइटोनियस लिहितो. पुढच्या सम्राटांना ते टाळणे कठीण झाले. एकदा दिले ती देणगी. दोनदा दिले की अपेक्षा. तिसऱ्यांदा नाही दिले तर भांडण. सन १९३ मध्ये तर त्या रक्षकदलाने एका सम्राटाला मारून साम्राज्याची गादी चक्क लिलावात काढली आणि सर्वांत मोठा आकडा बोलणाऱ्या दिदियस ज्युलियानसला ती दिली. हातात तलवार असलेल्यांनी देणगीचे देणे कसे करून घेतले, त्याचा हा नमुना आहे. तो आम्ही अनुकरणासाठी सांगत नाही. देणगी फार काळ देणगी राहत नाही, एवढेच त्यावरून दाखवावयाचे आहे.

आता लॅटिनमधून इंग्रजीत येऊ. इंग्रजीत ‘बोनस’ हा शब्द पैशाच्या अर्थाने लिखित स्वरूपात प्रथम आढळतो तो १७७३ च्या सुमारास. तो कोणा पंडिताने आणला नाही. कोशकारांचे अनुमान असे की, लंडनच्या शेअरबाजारातील मंडळींनी थट्टेने किंवा ऐट म्हणून तो बनविला. ‘चांगली गोष्ट’ म्हणावयाची होती. लॅटिन अर्धेच येत होते. ‘बोनुम’च्या जागी ‘बोनस’ म्हणून टाकले. दलालांच्या तोंडची ही बाजारू लॅटिन पुढे राजमान्य झाली. अर्थ असा ठरला : जे देणे लागते त्याच्या वर, खुशीने दिलेले.

आणि हे खुशीचे पैसे केवळ नोकरांनाच मिळत, असे समजू नका. कंपन्या आपल्या भागधारकांना ठरलेल्या लाभांशाखेरीज जे जादा देत, त्यालाही ‘बोनस’ म्हणू लागले. आजही ‘बोनस शेअर’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो. विम्याच्या पॉलिसीवरही बोनस जाहीर होतो. भागधारकाला बोनस शेअर मिळाला, तर तो मालकाच्या कृपेने मिळाला असे कोणी म्हणत नाही. तो त्याचाच नफा, त्याच्याच भांडवलाचे फळ, असे सर्वजण मानतात. तोच शब्द कामगाराच्या पाकिटावर आला की मात्र कृपेचा होतो. एका शब्दाचे हे दोन अर्थ एकाच कंपनीच्या एकाच वर्षाच्या जमाखर्चात शेजारीशेजारी बसलेले असतात.

या शब्दावरून अमेरिकेत केवढे रण माजले, ते थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात जे अमेरिकन सैनिक लढले, त्यांना दिवसाला सुमारे एक डॉलर मिळे; त्याच काळात घरी राहून कारखान्यात काम करणाऱ्यांची मजुरी कितीतरी वाढली होती. सैनिकांचे म्हणणे, हा फरक आमचा बुडालेला पगार आहे. १९२४ मध्ये अध्यक्ष कूलिज यांचा नकाराधिकार डावलून तेथील काँग्रेसने कायदा केला. देशातील सेवेला दिवसाला एक डॉलर आणि परदेशातील सेवेला सव्वा डॉलर, असा हिशेब ठरला. पण मोठ्या रकमा रोख न देता १९४५ मध्ये वटणारी प्रमाणपत्रे दिली. कायद्याच्या नावात शब्द होता ‘समायोजित मोबदला’. लोकांच्या तोंडी बसला तो ‘बोनस’. मोबदला म्हटले की देणे. बोनस म्हटले की मागणारा हावरट. १९३२ च्या मंदीत हजारो बेकार माजी सैनिक बायकामुलांसह राजधानी वॉशिंग्टनमध्ये येऊन राहिले आणि आताच पैसे द्या म्हणू लागले. २८ जुलै १९३२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोघे माजी सैनिक प्राणास मुकले, आणि त्याच दिवशी जनरल मॅकार्थर यांच्या सैन्याने त्यांच्या झोपड्या उठवून लावल्या. अखेर १९३६ मध्ये, पुन्हा अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून, ते पैसे मुदतीपूर्वी देण्याचा कायदा झाला. ज्या हिशेबाला सुरुवातीस मोबदला म्हटले होते, त्याला बोनस हे नाव पडल्यावर तो वसूल करावयास बारा वर्षे लागली.

त्याच महायुद्धाच्या काळात हा शब्द आपल्या गिरण्यांच्या फाटकातून आत शिरला. प्रथम अहमदाबादेत. १९१७ मध्ये तेथे प्लेग पसरला. माणसे गाव सोडून जाऊ लागली. मागांवर माणूस टिकावा म्हणून मालकांनी विणकरांना ‘प्लेग बोनस’ सुरू केला. काहींच्या बाबतीत तो पगाराच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत गेला. साथ ओसरली, तेव्हा १९१८ च्या आरंभी मालक म्हणाले, आता बोनस बंद. पण महागाई ओसरली नव्हती. विणकरांनी ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडून बसले. गांधीजींनी सर्व पाहून ३५ टक्के योग्य ठरविले. २२ फेब्रुवारीला टाळेबंदी झाली. एका बाजूला मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, दुसऱ्या बाजूला कामगारांबरोबर त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन! १५ मार्चला गांधीजींनी उपवास आरंभिला, तीन दिवसांनी तडजोड झाली, आणि लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्केच मान्य केले. येथे पाहण्यासारखे आहे ते हे की, बोनस म्हणून दिलेली वस्तू मालकांनी सहज परत घेतली. पगार म्हणून मिळविलेली परत घेता आली नाही.

मुंबईतही १९१७ मध्येच गिरणीमालकांनी पगारावर दहा टक्के ‘युद्ध बोनस’ दिला. वस्तुतः ती महागाईची भरपाई होती. पण पगार वाढविला तर तो पुन्हा कमी करणे अवघड, आणि बोनस कधीही काढून घेता येतो, हे मालकांना चांगले कळत होते. पुढे नफा अतोनात वाढला, आणि १९२० च्या सुमारापासून वर्षाकाठी एका महिन्याच्या पगाराइतका निराळा बोनस मिळू लागला. चाळीतल्या बिऱ्हाडांनी त्यावर कर्जे काढली, लग्ने ठरविली, गावी मनीऑर्डरी केल्या. १९२३ मध्ये नोटीस लागली की, यंदा बोनस मिळणार नाही. १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले. त्या काळात आजच्यासारख्या युनियनही नव्हत्या, आणि युनियनला संरक्षण देणारा कायदाही १९२६ पर्यंत नव्हता. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने निकाल दिला की, रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने, कोणत्याच मार्गाने कामगारांचा बोनसवर हक्क सिद्ध होत नाही. दोन महिन्यांहून अधिक काळ उपासमार सोसून कामगार रिकाम्या हाताने परत गेले. आमच्यापुढे जशा सात पावत्या मांडल्या गेल्या, तसेच ते झाले. फरक इतकाच की, येथे पावतीऐवजी खुद्द तो शब्दच पुरावा झाला : ज्याचे नाव बोनस, तो हक्क कसा असेल?

येथे आम्हाला आपल्या गावगाड्याची आठवण होते. मराठीत या दोन्ही कल्पनांना पूर्वीपासून वेगवेगळे शब्द होते. दिवाळीची किंवा शिमग्याची ‘पोस्त’ ही खुशीची बाब. दिली तर दिली. पण खळ्यावर सुतार, लोहार, कुंभार जे नेत ते ‘बलुते’. ते हक्काचे, त्याला कोणी पोस्त म्हणत नसे. मात्र याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. बलुते हक्काचे असले, तरी किती पेंढ्या, कसले धान्य, याचे माप देणाऱ्याच्या हाती असे. आणि ज्यांना गावाने खालचे मानले, त्यांना तो हक्क हात पसरून, अपमान गिळून घ्यावा लागे. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी महारवतनाविरुद्ध १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. तात्पर्य, नुसते ‘हक्क’ म्हणून भागत नाही. ज्या हक्काला माप नाही आणि लेखी आधार नाही, तो हक्क भिकेच्या जवळच राहतो.

ते माप १९५० मध्ये मिळाले. मुंबईचा गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातील वादात लेबर अपेलेट ट्रायब्यूनलच्या पूर्ण पीठाने एक सूत्र घालून दिले. कामगार चळवळीत ते ‘फुल बेंच फॉर्म्युला’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची मांडणी साधी आहे. एकूण नफ्यातून यंत्रांची घसारा-वजावट, जुनी यंत्रे बदलण्याची तरतूद, आयकर, वसूल भांडवलावर सहा टक्के परतावा आणि खेळत्या भांडवलात वापरलेल्या राखीव निधीवर काही परतावा, एवढे वजा करावयाचे. मग जे उरेल त्यात कामगार, उद्योग आणि भागधारक या तिघांचाही वाटा. याचा अर्थ असा झाला की, बोनस आता कृपा राहिली नाही. नफा ज्या दोघांच्या मेहनतीने आणि पैशाने झाला, त्यांतील एकाचा तो वाटा झाला. अर्थात सूत्र आले म्हणजे शांतता आली असे नव्हे. त्याच १९५० साली मुंबईच्या गिरण्यांत बोनसच्याच प्रश्नावर सुमारे दोन महिने संप चालला.

१९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कानपूरच्या म्यूर मिल्सचा खटला आला. न्यायालयाने सांगितले की, बोनस ही कृपेची देणगी नाही. पण तो मागाहून द्यावयाचा पगारही नाही. पगार असता, तर तो लाभांशाच्या आधी द्यावा लागला असता. कामगाराचा प्रत्यक्ष पगार आणि माणसासारखे जगण्यास पुरेल असा पगार यांत जी दरी आहे, ती नफा झाला असेल तेव्हा काही अंशी भरून काढण्याचे ते साधन आहे. आम्हाला हा निकाल पूर्ण पटत नाही. पण त्यातील एक गोष्ट मोलाची आहे. बोनसचा हक्क कोठून येतो, तर पगार अपुरा आहे यातून. म्हणजे जोवर बोनस मागावा लागतो, तोवर पगार पुरेसा नाही, याची ती कबुलीच आहे.

१९५९ मध्ये असोसिएटेड सिमेंटच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी सूत्र कायम ठेवले, पण हा प्रश्न एखाद्या अधिकारी आयोगाने तपासावा असेही सुचविले. त्याप्रमाणे १९६१ मध्ये म. रु. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग बसला. कॉम्रेड डांगे त्याचे एक सभासद होते. अहवाल १९६४ मध्ये आला, आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. उपलब्ध शिल्लक नफ्याचा सामान्यतः ६० टक्के भाग कामगारांसाठी. नफा होवो वा तोटा, किमान बोनस पगाराच्या ४ टक्के किंवा ४० रुपये. कमाल २० टक्के. तोट्यातही द्यावयाचा बोनस हा नफ्याचा वाटा कसा असेल? नसेल, तर तो काय आहे? कायद्याने याचे उत्तर दिले नाही. इतकेच काय, बोनस देण्याच्या त्या संपूर्ण कायद्यात ‘बोनस’ या शब्दाची व्याख्याच नव्हती! लंडनच्या दलालांनी अर्धवट लॅटिनमध्ये जो शब्द टाकला, त्याचा अर्थ आपल्या संसदेनेही मोकळाच सोडला.

किमान बोनस १९७२ मध्ये ८.३३ टक्के झाला. हा आकडा विचित्र दिसतो, पण गणित सोपे आहे : शंभराला बारांनी भागले की ८.३३, म्हणजे वर्षातील एका महिन्याचा पगार. येथे आमच्याच बाजूची एक चूक सांगणे आमचे कर्तव्य आहे. पूर्वी पगार आठवड्याने मिळे, वर्षाचे ५२ आठवडे म्हणजे चार-चारांचे १३ पगार. इंग्रजांनी १९४० च्या सुमारास महिन्याचा पगार सुरू करून एक पगार खाल्ला, आणि त्याची भरपाई म्हणजे बोनस, अशी एक कथा फोनवरच्या संदेशांतून आणि आमच्या सभांतूनही सांगितली जाते. ऐकावयास ती गोड आहे. आम्हीही एके काळी टाळ्या घेत सांगितली आहे. पण वर पाहिल्याप्रमाणे मुंबईचे दीड लाख कामगार १९२४ मध्येच महिन्याच्या बोनससाठी संपावर गेले होते, आणि त्या गिरण्यांत पगार तेव्हाही महिन्याचाच होता. आपला हक्क खरा आहे. त्याला खोट्या कथेचा टेकू देण्याचे कारण नाही. टेकू खोटा निघाला, तर माणसे हक्कालाच खोटे म्हणू लागतात.

तो हक्कही एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असे झाले नाही. मे १९७४ च्या रेल्वे संपात बोनसची मागणी प्रमुख मागण्यांपैकी होती. संप मोडला गेला, आणि १९७९ मध्ये रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनस मान्य झाला. आणीबाणीत, सप्टेंबर १९७५ मध्ये, वटहुकमाने किमान बोनस ८.३३ वरून पुन्हा ४ टक्क्यांवर आणला गेला. आणीबाणी गेल्यावर १९७७ मध्ये तो पूर्ववत झाला. मुंबईतील १९८२ च्या प्रचंड गिरणी संपाची पहिली ठिणगीही १९८१ च्या दिवाळी बोनसवरूनच पडली होती. २०१५ च्या दुरुस्तीने पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये झाली. १९६५ च्या कायद्यातील तरतुदी पुढे २०१९ च्या वेतन संहितेत घेतल्या गेल्या, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. किमान ८.३३ आणि कमाल २० हे आकडे तेथेही आहेत.

परंतु नगरपालिका-महानगरपालिकांचे कामगार या कायद्याच्या कक्षेत पहिल्यापासून नाहीत. म्हणून दिवाळीला त्यांना जे मिळते त्याला कागदोपत्री ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. हा शब्द कोठून आला? तो ‘एक्स ग्रेशिया’चे शब्दशः भाषांतर आहे. ‘ग्रेशिया’ म्हणजे अनुग्रह, कृपा. पहाटे चार वाजता आपल्या दारासमोरचा रस्ता झाडणाऱ्या बाईला वर्षातून एकदा जे मिळते, ते आपण तिला अनुग्रह म्हणून देतो! शब्द संस्कृत झाला म्हणून त्यातील कमीपणा गेला नाही. लॅटिन कायद्यात याला विरुद्ध असाही एक शब्द आहे : ‘एक्स डेबितो जस्टिशिए’, म्हणजे ‘न्यायाने देणे लागते म्हणून’. त्या दिवशी त्या टेबलावर आम्हाला हे तीन शब्द ठाऊक असते, तर पैसे मिळाले असते असा आमचा दावा नाही. पण सात वर्षे सह्या करा असे आम्ही सांगितले नसते, हे खास.

त्या कारखान्यात पुढच्या करारावेळी आम्ही एकच कलम धरून बसलो. पगारवाढीचा आकडा थोडा कमी घेतला. पण ‘एक्स ग्रेशिया’ हे शब्द खोडून ‘कराराप्रमाणे देय बोनस’ असे लिहून घेतले. काही सभासद आमच्यावर रागावले. “दोन शब्दांसाठी पैसे सोडले,” असे म्हणाले. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण त्यानंतरच्या दिवाळ्यांत तो पैसा थांबलेला नाही, आणि तो घेताना कोणी मान खाली घालीत नाही.

रोमन न्यायालयांत एक प्रश्न विचारीत, आणि सिसेरोने तो इसवी सनापूर्वी ८० मध्ये आपल्या भाषणात घेतला आहे : ‘कुई बोनो?’ म्हणजे ‘यात हित कोणाचे?’ हा ‘बोनो’ त्याच आपल्या शब्दाचे, ‘बोनुम’चे, रूप आहे. श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकजण नोकरी करीत असतील, कित्येकजण दुकाने-कारखाने चालवीत असतील, आणि घरी एखादी कामवाली तर बहुतेकांकडे असेल. देताना असो की घेताना असो, कागदावर कोणता शब्द लिहिला आहे तो वाचा, आणि त्यात हित कोणाचे, हे एकदा स्वतःस विचारा. पोस्त द्यावयाची तर खुशाल द्या, आनंदाने द्या. पण जे देणे आहे त्याला देणगी म्हणू नका. आणि जे आपले आहे त्यावर कृपेची सही करू नका. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.